दिलावरखानाचा हात

माझा चेहरा आणि माझे केस बघून लोकांनी आयुष्यभर माझ्याबद्दल जे जे गृहीत धरलं, ते जवळजवळ सगळं चुकीचं निघालं, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला. सोपाऱ्याच्या मैदानावर मी पहिल्यांदा खेळायला गेलो तेव्हा मोठ्या पोरांनी काही न विचारता नवा चेंडू माझ्या हातात दिला. तेव्हा वेस्ट इंडीजचे गोलंदाज रेडिओवर जगाची हाडं मोडत होते आणि आमच्या आळीत त्यांच्यासारखा दिसणारा मी एकटाच होतो. माझा पहिला चेंडू यष्ट्यांपासून इतका लांब गेला की वाइड देण्याआधी तो शोधायला माणूस पाठवावा लागला. दुसरा पंचालाच लागला. तुमच्यात हे रक्तातच असतं ना, असं कप्तानाने फार दुखावलेल्या आवाजात विचारलं. मी म्हटलं असेल, पण माझ्यापर्यंत अजून पोचलेलं नाही. त्यानंतर मला कायमचं सीमारेषेवर उभं केलं, विहिरीच्या बाजूला.

आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून इकडे आले. कुणी खलाशी म्हणून, कुणी शिपाई म्हणून, आणि बरेचसे विकले जाऊन, म्हणजे आले नाहीत, आणले गेले. वडिलांचं, म्हणजे बांचं घराणं मुरूडच्या बाजूचं, त्यामुळे घरात मराठीच, तीही कोकणी हेलाची. बा बसच्या डेपोत टायर बदलायचे. घरी आले की त्यांच्या अंगाला रबराचा वास यायचा आणि अम्मीच्या हाताला बोंबलांचा. या दोन वासांच्या मधोमध मी वाढलो. घर कौलारू, पुढे अंगण, अंगणात चिंच, आणि चिंचेपलीकडे शेजाऱ्यांच्या म्हशींचा गोठा. हा गोठा लक्षात ठेवा, पुढे त्याला काम आहे. आज त्या जागी सात मजली इमारत उभी आहे आणि तिच्या तळाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथून जाताना अजूनही नकळत नाक मुरडतो आणि दुकानदाराला वाटतं म्हातारा आपल्यावर रागावलाय.

घरातला खरा आवाज फुफीचा. फुफी म्हणजे बांची मोठी बहीण, जैनबी. तिचं लग्न गुजरातेतल्या सिद्दी घरात झालं होतं. नवरा गेल्यावर ती भावाकडे परत आली ती एक कपड्यांचं गाठोडं आणि गोधडीत गुंडाळलेला, तिच्या कमरेपेक्षा उंच ढोल घेऊन. लाकडी पायांवर उभा राहणारा लांबट ढोल, त्याला मुगरमान म्हणतात. स्टेशनात उतरल्यावर टांगेवाल्याला वाटलं बाई बरोबर आजारी माणूस घेऊन आली आहे, आणि त्याने ढोलाला हात देऊन सांभाळून वर घेतलं, असं ती सांगायची. फुफीची बोटं कधी स्वस्थ बसायची नाहीत. तांदूळ निवडताना सुपावर, दूध तापताना पातेल्याच्या कडेवर, माझं डोकं विंचरताना माझ्या डोक्यावर. माझ्या केसांतून कंगवा जात नसे, त्यामुळे वाजवायला तिला भरपूर वेळ मिळायचा.

तिने ढोलाबरोबर माईचा दिवसही आणला. माई म्हणजे आमच्या लोकांची एक पुण्यवंत बाई. तिच्या नावाने वर्षातून एकदा सगळे जमतात. मुरूडकडचे, मुंबईतले, पालघरकडचे आमचे दूरदूरचे नातेवाईक आमच्या अंगणात यायचे. सकाळपासून खिचडा रटरटायचा. अम्मी मलिदा कुसकरायची, त्यात गूळ आणि तूप अशा सढळ हाताने घालायची की बा तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायचे. वसईकडच्या सांडोरहून केळीची पानं यायची आणि बरोबर सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची पुडकी, पानात बांधलेली, मधासारखी चिकट. ऊन कललं की झावळ्यांचा जाळ करून ढोल शेकायचे. चामडं तापून ताणलं की आवाज मोकळा होतो. फुफी कान चामड्याजवळ नेऊन बोटाने टिचकी मारायची आणि म्हणायची, झोपलाय अजून, आणखी शेका.

मग नावांचा फेरा. सगळे रिंगण धरायचे आणि एकेक घर आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की सगळ्यांनी मिळून विचारायचं, "काय करायचा?" उत्तर द्यायचं ते हाताच्या कामाचं, मगच फुफीची थाप पडायची. ते काम मग अख्ख्या रिंगणाने ढोलावर नाचून दाखवायचं. बा दरवर्षी आमच्या पूर्वजाचं, कादरचं नाव घ्यायचे. काय करायचा? गलबतांना डांबर फासायचा. की लगेच सगळे वाकून, पाय फाकवून, लांब हाताने न दिसणाऱ्या गलबताला डांबर फासत गोल फिरायचे. मरियम काय करायची? दळायची. सगळे बसून दळायला लागायचे, मिशीवाले चाचे सुद्धा. कुणी पालखी उचलायचा, कुणी किल्ल्यावर दगड चढवायचा, कुणी मिठागरात फळी ओढायचा. आमच्यात कागद नव्हते, वंशावळी नव्हत्या, मुळात बहुतेकांना आडनावं कुणीतरी दुसऱ्यानेच दिलेली. जे होतं ते असं कमरेत आणि खांद्यांत ठेवलेलं होतं. हे मी आज शहाण्यासारखं लिहितोय. तेव्हा मला एवढंच वाटायचं की बाकीच्यांच्या घरी सणाला लोक नीट बसून जेवतात आणि आमच्याकडे डांबर फासतात.

शाळेत आमचा उल्लेख एकाच ठिकाणी यायचा, मराठ्यांच्या आरमाराच्या धड्यात. जंजिरा हा शब्द चौधरी सरांच्या तोंडून निघाला की अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायचा, जणू किल्ला माझ्या दप्तरात आहे आणि मी तो हट्टाने देत नाहीये. माझ्या बाजूला पास्कू बसायचा, पाचूबंदरचा, बापाची मच्छीमारीची होडी. तो ख्रिश्चन असल्यामुळे वसईच्या किल्ल्याचा धडा आला की तोच वर्ग त्याच्याकडे वळायचा आणि पोर्तुगीजांचा सगळा हिशेब त्याच्याकडे मागायचा. अशा रीतीने आम्ही दोघे शेवटच्या बाकावर दोन किल्ले सांभाळून होतो. आमची मैत्री व्हायला हवी होती. पण समदुःखी माणसं आधी एकमेकांनाच चावतात. एकदा आरमाराच्या धड्यात पास्कू मोठ्याने कुजबुजला, "दे ना रं जंजिरा. नायतरी तुझा खापरपंजा तिथं झाडूच मारीत असंल."

वर्ग हसला. माझ्या तोंडून जे निघालं त्याचा आणि माझा आधी काही परिचय नव्हता. मी उभा राहिलो आणि म्हणालो की माझे खापरपणजोबा जंजिऱ्याच्या आरमाराचे सेनापती होते आणि त्यांचं नाव दिलावरखान. नाव मला समोरच्या भिंतीवर दिसलं नव्हतं, स्वप्नात आलं नव्हतं. ते नुसतं आलं, उचकीसारखं. पास्कूने पुरावा मागितला. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात माईचा दिवस आहे, आमच्याकडे ढोलावर नावं घेतात, ढोल कधी खोटं बोलत नाही. मग सगळ्या वर्गासमोर ठरलं. ढोलाची थाप दिलावरखानाच्या नावावर पडली तर पास्कूने वर्षभर माझं दप्तर वाहायचं. नाही पडली तर मी त्याचं. एवढ्यावरच भागलं असतं, पण चौधरी सर खडू खाली ठेवून फार प्रेमाने म्हणाले, मलाही बघायला आवडेल रे, येऊ का?

घरी येऊन मी फुफीभोवती घोटाळू लागलो. ती तांदूळ निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की आपल्यात कुणीतरी आरमारात मोठा असेलच ना. फुफी म्हणाली, होते की मोठे मोठे, सरदार होते, सुभेदार होते, किल्ले राखले त्यांनी. मी खूश. मग म्हणाली, पण ते आपले नव्हेत, आपला कादर. मी म्हटलं पण असता तर? तिने एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, असता तर मी इथे खडे निवडत नसते बाबा. शहाण्या मुलाने एवढ्यावर माघार घेतली असती. मी नालासोपाऱ्याच्या एका बँडवाल्याकडे गेलो आणि त्याच्याकडून लाल कोट मागून आणला. सोनेरी बटणं, खांद्यावर झिरमिळ्या, आणि पाठीवर जरीने काढलेलं सनईचं चित्र. सनईचं चित्र मला घरी येऊन दिसलं. मी ठरवलं की सेनापती शत्रूला पाठ दाखवतच नाही, तेव्हा हरकत नाही.

माईच्या दिवशी पास्कू आला, डोक्याला चोपून तेल लावून. चौधरी सर आले, हातात नारळ घेऊन. अम्मीने त्यांना चटईवर बसवून समोर सुकेळी ठेवली. मी आतल्या खोलीत कोट चढवला आणि झावळ्यांचा जाळ पेटला असतानाच बाहेर आलो. तो कोट लग्नसराईच्या थंडीसाठी शिवलेला होता. मी रिंगणात पोचेपर्यंत आतून भिजलो होतो. बांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ते जाळाकडे बघत राहिले. अम्मीच्या हातातला मलिदा तसाच राहिला. मुरूडच्या एका चाचींनी अम्मीला विचारलं की मुलाला बँडमध्ये लावलं का, बरं झालं, सीझनला चांगली कमाई असते.

फेरा सुरू झाला. कादरने डांबर फासलं, मरियमने दळलं, दगड चढले, मीठ ओढलं गेलं. पास्कूच्या तोंडावरचं हसू कमी होत चाललेलं मला दिसत होतं आणि मी ते माझ्या कोटाच्या खात्यात जमा करत होतो. आमच्या घराची पाळी परत आली तेव्हा बा बोलायच्या आत मी रिंगणाच्या मध्ये उडी घेतली आणि ओरडलो, दिलावरखान. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण रीत ती रीत. सगळ्यांनी विचारलं, "काय करायचा?"

"आरमार चालवायचा," मी म्हणालो.

रिंगण थांबलं. वर उचललेले हात तसेच राहिले, कारण आरमार चालवायला कमरेत वाकायचं की गुडघ्यात, हे कुणालाच माहीत नव्हतं. फुफीचा हात ढोलाच्या वर होता. तिने तो खाली आणला नाही. म्हणाली, "हाताने काय करायचा ते सांग."

इतिहासाच्या पुस्तकात सेनापतीचं एकच चित्र होतं. मी छाती काढली, उजवा हात सरळ समोर केला आणि बोट रोखलं. समोर गोठा होता. रिंगणाने इमानाने माझ्यासारखा हात केला. मिशीवाले चाचे, चाची, पोरंटोरं, सगळे जण एक हात लांब करून शेजाऱ्यांच्या म्हशीकडे बोट दाखवत उभे राहिले. आता पुढे काय, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. पुढे काही नव्हतं. सेनापती एवढंच करतो. म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करत होती. एका म्हाताऱ्या चाचांचा हात अवघडला, त्यांनी तो दुसऱ्या हाताने खालून धरला. मी आब राखायला हात आणखी ताणला तेव्हा काखेत कोट टर्रकन फाटला, आणि त्या शांततेत तो आवाज सगळ्या सोपाऱ्याला ऐकू गेला असावा.

फुफी हसली नाही. तिने माझ्या हाताच्या रेषेत शेवटपर्यंत पाहिलं, म्हशीपर्यंत, आणि परत माझ्याकडे पाहिलं. खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "बरं. हा हात दाखवून उभा. मग वल्हं कोण मारत होतं?"

त्या गलबतात खाली कुणी बसलेलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं; दिलावरखानाला मी एकट्यालाच समुद्रावर उभं केलं होतं. बा मातीत बसले. त्यांनी दोन्ही हात पुढे नेले आणि मागे ओढले, पुढे नेले आणि मागे ओढले. टायर बदलणाऱ्या माणसाचं वल्हं होतं ते, जरा पान्यासारखं फिरत होतं. त्यांच्या मागे आणखी दोघे बसले. तेवढ्यात चटईवरून आवाज आला.

"असं नाय वो चाचा." पास्कू उभा राहिला होता. स्वतःच्याच आवाजाने दचकला होता, पण आता बोलून गेला होता. "पाय टेकवायला लागतात आदी. पाय नाय टेकवलं तं जोर येनार कुठनं? आनि हात नुसता हलवायचा नाय, पानी मागं ढकलायचं." आणि तो येऊन बांच्या पुढे बसला, चपला काढून, तळवे मातीत रोवून. त्याने एकदाच ओढलं. खांद्यापासून पाठीपर्यंत त्याचं अख्खं अंग मागे गेलं, आणि मला शपथेवर सांगता येईल, अंगण हललं.

फुफीने त्याला विचारलं, कुणाचं बघून शिकलास. तो म्हणाला, आज्याचं. फुफी म्हणाली, मग नाव घे. पास्कूने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार की हे ढोल आपले नव्हेत, माई आपली नव्हे, आपल्या आज्याला इथे कोण विचारणार. हळूच म्हणाला, मिंगेल. आणि आमच्या सगळ्या माणसांनी, जसं कादरचं विचारतात तसंच, विचारलं की काय करायचा. "वल्हं मारायचा," पास्कू म्हणाला. "शीड फाटलं व्हतं, तं हातांनीच आनायचा होडी घरी."

तेव्हा थाप पडली. फुफीने ती अशी मारली की चिंचेवरचे कावळे उठले. सगळं अंगण खाली बसून वल्हं मारू लागलं. चौधरी सरही, धोतर सांभाळत, चुकीच्या तालात. उभा मी एकटा होतो, हात लांब केलेला, कारण तो खाली घे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि आपण होऊन घ्यायची माझी हिंमत नव्हती. फुफीने वाजवता वाजवता मान वर केली आणि म्हणाली, सेनापती, बसा आता, तुमच्या वजनाने होडी हलेना. मी कोट काढून जाळापासून लांब ठेवला आणि पास्कूच्या मागे, बांच्या पुढे बसलो. पाय टेकव, तो मागे न बघता म्हणाला. मी टेकवले.

फेऱ्याचं शेवटचं नाव हे नाव नसतंच. फुफी म्हणायची, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत ते. सगळे विचारतात, काय करायचे? आणि सगळेच उत्तर देतात, "सगळं." मग ज्याला जे आठवेल ते तो करतो, कुणी दळतं, कुणी ओढतं, कुणी दगड उचलतं, कुणी मूल जोजावतं, आणि ढोल या सगळ्यांना एकाच वेळी ताल देतो. मला तो आधी नुसता गोंधळ वाटायचा. त्या दिवशी मी त्यात वल्हं मारत होतो, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे लोक जर खरंच असे, इतके, एका अंगणात मावले असतील, तर मला दिलावरखानाची गरज नव्हती.

दप्तर मी वर्षभर वाहिलं. पास्कूचं म्हणणं बिनतोड होतं: नाव घेतलंस, पण थाप माझ्या आज्याला पडली. त्या दप्तराला सुक्या मासळीचा वास यायचा आणि माझ्या घरच्या वासात तो बेमालूम मिसळायचा, त्यामुळे अम्मीला कधी कळलंच नाही. बँडवाल्याने फाटलेला कोट परत घेताना मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. चौधरी सरांनी पुढे आरमाराचा धडा पुन्हा एकदा घेतला. जंजिरा आला, वर्ग सवयीने मागे वळला, आणि सरांनी विचारलं, या लढाईत वल्हं कोण मारत होतं, सांगा बघू. वर्ग परत पुढे वळला. पुस्तकात ते नव्हतं. माझ्याकडे आणि पास्कूकडे होतं, पण आम्ही हात वर केला नाही. मी तर काही दिवस हात वर करणंच सोडलं होतं.

आता माईचा दिवस विरारला एका शाळेच्या मैदानावर होतो, कारण सोसायटीच्या आवारात जाळ चालत नाही. माणसं वाढली आहेत. गुजरातेतून बस भरून येतात. नालासोपाऱ्यात राहणारा एक नायजेरियन कपडेवाला एका वर्षी आवाज ऐकून रस्त्यावरून आत आला, ढोलाकडे बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याने आपल्या आजीचं नाव घेतलं. काय करायची? बाजारात रताळी विकायची. तेव्हापासून आम्ही रताळीही विकतो. पास्कू दरवर्षी येतो, गुडघे गेलेत तरी खाली बसून वल्हं मारतो आणि नंतर त्याला उठवायला दोन माणसं लागतात. फुफी गेली. ढोल माझ्याकडे आला, आणि तिचं नाव आम्ही घेतो तेव्हा सगळे काहीतरी वाजवतात, जवळच्याचं डोकं सुद्धा.

आणि दिलावरखान. त्याला काढून टाकायची सोय राहिली नाही. पुढच्याच वर्षी, वल्हं मारून झाल्यावर, पोरांनी आपण होऊन एक जण उभा केला, हात लांब, बोट समोर. बाकीच्यांनी विचारलं, हा काय करायचा? आणि सगळी पोरं किंचाळली, "काही नाही." तेव्हापासून ते दरवर्षी होतं. मध्ये पुण्याहून एक संशोधक बाई आल्या होत्या, त्यांनी हा प्रकार चारही बाजूंनी चित्रित केला आणि मला विचारलं की ही मुद्रा आरमाराच्या काळापासून आली असेल का. मी म्हटलं, बाई, ही माझ्यापासून आली आहे. त्यांना तो विनय वाटला. त्यांच्या लेखात ती पारंपरिक युद्धमुद्रा म्हणून छापून आली आहे. म्हशीचा उल्लेख नाही.

परवा माझी नात सना हॉलमध्ये एकटीच काहीतरी करत होती. खाली बसली होती, एक हात लांब करून बोट रोखलेलं आणि दुसऱ्या हाताने वल्हं. मी विचारलं हे कोण. ती म्हणाली, तुम्ही. मी म्हटलं, बेटा, अजून आहे मी. ती म्हणाली, म्हणून तर आत्ताच करून बघतेय, नंतर कुणाला विचारू? बरोबर आहे का सांगा.

मी चष्मा लावून नीट बघितलं. हात अगदी बरोबर होता, सरळ, नको इतका सरळ.

"पाय टेकव आधी," मी म्हटलं.